अर्जुननगरात शिकावे, निपाणीत राहावे

जो विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या अभिलाषेने अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात नाव दाखल करतो, आणि वसतिगृहाच्या यादीत आपले नाव नाही असे पाहून निपाणीत एखादी स्वतंत्र खोली भाड्याने घेण्याचा संकल्प सोडतो, त्याने सर्वप्रथम हे ध्यानी घ्यावे की, यापुढे आपण दररोज कर्नाटक राज्यात दात घासून महाराष्ट्र राज्यात हजेरी देणार आहोत. महाविद्यालय मौजे अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर येथले व शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. त्याला लागून असलेले निपाणी शहर मात्र बेळगाव जिल्ह्यातले. कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झाल्यापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच मुंबई राज्यात होता. पुढे हद्द आली, हद्दीमागून वाद आला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी असे सुचविले, पण बेळगाव दिले नाही म्हणून महाराष्ट्राने तो अहवालच नामंजूर केला, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा अद्याप मुदतींवर मुदती खात आहे. टपाल खात्याने मात्र कोणत्याही आयोगाची वाट न पाहता महाराष्ट्रातील या महाविद्यालयास निपाणीचा, म्हणजे कर्नाटकातला, ५९१२३७ हा पिन देऊन टाकला. या प्रश्नात आजवर घेतला गेलेला हाच एक व्यवहार्य निर्णय होय, असे आमचे नम्र मत आहे.

आता खोलीचा शोध. फाटकावर रंगविलेला ‘खोली भाड्याने देणे आहे’ हा मजकूर पाहून होतकरू भाडेकरूने हुरळून जाऊ नये, कारण ती खोली बहुधा कधीच गेलेली असून मजकूर केवळ रंगाचा खर्च वाचावा म्हणून राहिलेला असतो. खरी चौकशी किराणा दुकानात करावी. कोणत्या घरी मुलगी सासरी गेल्यामुळे माडीवरची खोली रिकामी झाली, याची नोंद तेथे उधारीच्या वहीइतकीच चोख असते. खोली म्हणजे काय, तर दहा बाय दहाची एक जागा, तिच्या एका कोपऱ्यात ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात पडद्याआड मोरी, आणि या तिन्हींस मिळून ‘वन आरके’ हे नाव. हीच वस्तू बेळगावात टिळकवाडीकडे असती तर तिला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणून अधिक भाडे पडले असते, एवढे समाधान मानून घ्यावे.

खोली तंबाखूच्या वखारीशेजारी असल्यास पहिले काही दिवस शिंकांत जातात. पुढे नाकास तो वास येईनासा होतो. तो येतो दिवाळीच्या सुटीत, घरी, जेव्हा आई बॅगेतले कपडे हुंगून मुलाकडे दीर्घकाळ पाहते. त्या वेळी निपाणीच्या तंबाखू व्यापाराचा इतिहास सांगून उपयोग होत नाही.

यानंतर मुलाखत. ही विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेहून कठीण असते, व तिची परीक्षक घरमालकीण असते. मालक बाजूस खुर्चीत बसून वर्तमानपत्राआडून ऐकतात.

“बस की बाळा. गाव कंचं तुझं?”

गाव सांगावे. मग आडनाव विचारले जाते, आणि ते सांगितल्यावर “म्हणजे तुम्ही...” एवढेच बोलून मालकीणबाई वाक्य अर्धवट सोडतात. या अर्धवट वाक्यावर कित्येकांची खोली गेलेली आहे. ते पूर्ण करण्याची जबाबदारी उमेदवारावर ढकललेली असते, आणि जातीचा प्रश्न प्रत्यक्ष न विचारता त्याचे उत्तर मिळविण्याची ही कला सीमेच्या दोन्ही अंगांस सारख्याच सफाईने वापरली जाते. भाषेचा तंटा तेथे आड येत नाही. त्यावरचा आमचा तोडगा असा की, ‘म्हणजे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मावशी’ असे निरागस मुद्रेने म्हणावे. खोली मिळेलच असे नाही. पण वाक्य त्यांचे त्यांना पुरे करावे लागते, आणि ते सगळ्यांसमक्ष करण्यास बहुतेकजण कचरतात.

पुढचा प्रश्न आहाराचा. “अंडं-बिंडं चालणार न्हाई हां वर.” येथे वाद घालू नये. ज्या घरचा मुलगा पुण्यात नोकरीस राहून काय खातो हे साऱ्या गल्लीस ठाऊक असते, त्या घरातही भाडेकरूच्या ऑम्लेटाचा वास जिन्यावरून खाली उतरताच धर्म संकटात येतो.

मालकांनी वर्तमानपत्र खाली ठेवून १९८१ सालच्या तंबाखू आंदोलनाची गोष्ट काढली, तर भाड्याचा विषय बाजूस सारून ती शेवटपर्यंत ऐकावी. शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेने आलेले शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते, एप्रिलात गोळीबार झाला, माणसे मेली. सांगणारा कदाचित त्या रस्त्यावर होता. येथे आम्ही थट्टा करीत नाही.

करारनामा अकरा महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची आहे. पलीकडे अर्जुननगरात खोली घेतली असती तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचाही करार नोंदवावा लागला असता. राज्यागणिक मुद्रांकही वेगळा, सबब कागलला घेतलेला मुद्रांक निपाणीत दाखवून हसे करून घेऊ नये. अनामतीच्या रकमेबाबत, ज्या मालकांचा मुलगा बंगळुरात स्थायिक आहे त्यांच्यापासून सावध राहावे. तेथील दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची चाल त्यांना ऐकून ठाऊक असते.

विजेचा विषय नाजूक आहे. कर्नाटक सरकारच्या २०२३ सालच्या गृहज्योती योजनेत दरमहा २०० युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळू शकते, आणि भाडेकरूही त्या योजनेस पात्र आहे. परंतु बिल शून्य रकमेचे आले तरी ‘लाइटचे’ म्हणून ठराविक रक्कम मागण्याची वहिवाट काही घरांतून टिकून आहे. शून्याचे बिल मालकांपुढे ठेवून खुलासा मागणारा भाडेकरू न्यायाने जिंकतो आणि पाण्यास मुकतो, कारण टाकीची चावी मालकीणबाईंच्या हाती असते.

खरा सीमाप्रश्न आहे तो हाच. फाटक नऊला बंद, गच्चीवर आधी वाळवण मग कपडे, तुळशीच्या पलीकडे चपला नाहीत, पाहुणा आल्यास वर्दी द्यावी: ही हद्द कोणत्याही नकाशात नाही, तीवर आयोग बसलेला नाही, आणि तिचे उल्लंघन मात्र त्याच संध्याकाळी निकालात निघते.

खोली सोडताना अनामतीतून चुन्याचा खर्च कापला जाईल, हे गृहीत धरावे. भिंतीतले खिळे काढू नयेत. काढल्यास भोकांचे पैसे कापतात, ठेवल्यास खिळ्यांचे. भोके मोठी दिसतात, म्हणून खिळे स्वस्त पडतात.