उलथणे

धान्यविरहित धिरड्याच्या अभ्यासकाने सर्वप्रथम ध्यानात घ्यावयाची बाब ही की, ते उलटत नाही. तव्यावर ते पसरते, कडेने तांबूस होते, मध्यभागी बुडबुडे आणून धिरड्याची सर्व बाह्य लक्षणेही दाखवते; परंतु उलथणे खाली सरकताच त्याचे तीन तुकडे होतात आणि त्यांतील दोन तव्यालाच धरून बसतात. मराठीत उलथणे हे क्रियापद आहे आणि स्वयंपाकघरातील अवजाराचे नावही आहे. प्रस्तुत पदार्थाच्या बाबतीत अवजार हजर असते, क्रिया घडत नाही.

कारण साधे आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन, म्हणजे ताणले तरी न तुटणारे चिवट जाळे, तयार होते. तांदळात ग्लुटेन नसले तरी त्यातील स्टार्च, म्हणजे पिष्ट, उष्णतेने फुगून एकमेकांस धरते, आणि म्हणूनच कोकणातले घावन जाळीदार असूनही अखंड सुटते. धान्यविरहित धिरडे ज्याचे करतात त्या बदामाच्या पिठात ग्लुटेन नसते, पिष्ट नावापुरते असते आणि वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, तेव्हा त्यास पीठ म्हणणे हे भाषेचे औदार्यच होय. (शंका असल्यास बदाम कोपऱ्यावरच्या गिरणीत दळायला न्यावेत, दगडाला लगदा चिकटल्यानंतर गिरणीवाला जी भाषा वापरील, तीत औदार्य आढळणार नाही.)

हा दोष घालवण्यासाठी जाणकारांनी त्या मिश्रणात ‘सिलियम हस्क’ घालण्याची शिफारस केली आहे. सिलियम हस्क म्हणजे इसबगोल: गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या एका रोपाच्या बियांची साल, जी पाणी शोषून बुळबुळीत होते, आणि जी मराठी घरांतील वडीलधारी मंडळी रात्री कोमट पाण्यातून घेत आली आहेत, तीही सकाळच्या कार्यासाठी, न्याहारीसाठी नव्हे. ज्या डब्याचा उल्लेख पाहुण्यांसमोर होत नसे, तो आता ओट्यावर मधाच्या बाटलीशेजारी मानाने उभा आहे. त्यातील दोन चमच्यांनी बांधलेल्या पदार्थास ‘कम्फर्ट फूड’, म्हणजे खिन्न मनास दिलासा देणारे अन्न, असे संबोधले जाते, आणि खाणाऱ्यास दिलासा मिळतोही, फक्त तो मनास न मिळता दुसऱ्या दिवशी अन्यत्र मिळतो.

बेसनाचे धिरडे मात्र उलटते. हरभरा हे तृणधान्य नसून शेंगवर्गीय पीक आहे, तरी ‘कडधान्य’ या शब्दात ‘धान्य’ दडलेले असल्याच्या संशयावरून त्यास हद्दपार केले जाते. राजगिरा आणि शिंगाडा या दोहोंनाही वनस्पतिशास्त्र तृणधान्य मानत नाही आणि त्यांची थालीपिठे एकादशीला पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पण जे वाण्याकडे सुटे मिळते, त्याने दिलासा कसा मिळावा? (उपवासाच्या स्वयंपाकघरानेही फार ताठ मानेने हसू नये, तिथे चालणारी वरई हे गवताच्या कुळातले अस्सल तृणधान्यच आहे.) 2023 हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून गाजले तेव्हा ज्यांनी ज्वारी-बाजरीचे पोवाडे गायले, त्यांच्याच घरी आज भाकरीकडे चोराकडे पाहावे तसे पाहिले जाते.

ज्यांना सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेनने लहान आतड्याच्या अस्तरास इजा करणारा विकार, आहे त्यांच्याशी या सदराचे भांडण नाही. त्यांचे ते पथ्य आहे, आणि ते त्याची जाहिरातही करत नाहीत. भांडण आहे ते स्वेच्छेने धान्य सोडणाऱ्याशी, कारण धान्य तो सोडतो आणि तव्यापाशी दुसरेच कोणी उभे राहते. घरातील इतरांच्या पोळ्या लाटून झाल्यावर त्या बाईने हे बदामी चिखलाचे गोळे मंद आचेवर, झाकण ठेवून, श्वास रोखून सांभाळायचे, आणि ते मोडले की टेबलावरून विचारणा यायची, की तवा नीट तापला नव्हता काय! तवा तापला होता. तवा वीस वर्षे तापतो आहे. ज्यास दिलासा हवा आहे त्याने एकदा तरी स्वतः उठावे, उलथणे हाती धरावे आणि तव्याला चिकटलेले ते दोन तुकडे नखाने खरवडून काढावेत.

तसे होत नाही. तुकडे वाडग्यात गोळा होतात, वरून मध पडतो, छायाचित्र निघते, आणि रात्री नऊच्या सुमारास आजोबा घरभर आपला डबा शोधू लागतात.