टेबल कोणी उचललं?

अमेरिकेत बालवाडीतली पोरं शब्दांचे तुकडे टाळ्या वाजवून मोजतात. नातीने मलाही बसवलं. 'चॉकलेट'ला माझ्या तीन टाळ्या, तिच्या दोन. "आबा, चॉक्-लेट!" मधल्या 'को'चं काय झालं हे विचारेपर्यंत तिने 'व्हेजिटेबल' आणि 'कम्फर्टेबल' या दोन्हींतलं आपलं ऐसपैस टेबलही उचलून नेलं होतं. उरलं काय, तर 'व्हेज्-ट-बल' आणि 'कम्फ्-ट-बल'. तसं आपणही लिहितो 'घरचा' आणि म्हणतो 'घर्चा'. पण अख्खं टेबल गिळत नाही!

मराठी पंगतीत प्रत्येक अक्षराच्या पानात थोडंफार वाढलं जातं. इंग्रजी पंगतीला मात्र एक जावई असतो. सगळा आग्रह त्यालाच. बाकीची इतकी चेपली जातात, की आ काय, ए काय, ओ काय, सगळ्यांचा मिळून एक मरतुकडा 'अ' होतो. बरं, जावई तरी कायमचा असावा! 'फोटोग्राफ'मध्ये मान 'फो'ला, 'फोटोग्राफी'त 'टॉ'ला, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'ला. खानदान तेच, शेपूट बदललं की जावई नवा. 'रेकॉर्ड' मोडायचा असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, करायचा असेल तर दुसऱ्यावर. आपण दोन्ही कामं एकाच सुरात उरकतो आणि कोणाचं अडत नाही.

हे तुकडे पाडायचे कुठे, यावरूनही तिकडे वाद झालेत. नोआ वेब्स्टरने 1783 साली मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. तोवर 'बिशप'चे तुकडे 'बि' आणि 'शॉप' असे पाडायची रीत होती. तुकडा स्वरावर संपला की तो स्वर लांबवायचा, म्हणजे पोर वाचणार 'बाय-शॉप'. धर्मगुरूचं दुकान! वेब्स्टर म्हणाला, उच्चाराप्रमाणे तोडा: 'बिश्-अप'. माणूस व्यवहारी. पण तोडणं सुधारलं तरी जोराचा तंटा मिटला नाही. 'कॉन्ट्रोव्हर्सी'चा जोर पहिल्यावर की दुसऱ्यावर, यावरून खुद्द इंग्रजांतच कॉन्ट्रोव्हर्सी आहे. 'लॅबोरेटरी'त अमेरिकन माणूस पहिल्या अक्षरावर बसतो, इंग्रज दुसऱ्यावर.

मराठी माणूस 'लॅब' म्हणतो आणि रिपोर्ट घेऊन घरी येतो.