वरून आलेलं माप

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण हिस्सा पालकांचा, निम्म्या महिला. म्हणजे पोराचं माप तोंडपाठ असलेली माणसं. तरी 2024-25 साली मुंबईनं ठरवलं, गणवेश वरूनच यायचे. दोन जोडांचे सरकारी 600 रुपये हाताळणं भूम-परंडा तालुक्यांतल्या आयांना कसं झेपणार? मग गणवेश रखडले. आले ते कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या बेंबीवर. स्काउटच्या गणवेशाचं तर नुसतं कापड आलं. शिलाई 100 रुपये, वरखर्च 10! एवढ्यात टेलर काजं तरी करील का?

डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचा अधिकार समितीकडे परत. आता इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ आधीच लिहून गुरुजी सह्यांसाठी शिवारात निघालेत. पेरणीतून मान वर न करता अध्यक्षबाई म्हणतात, “सही कुठं करायची तेवढं दावा, गुरुजी. मंजूर काय केलं ते मागनं सांगा.”