निवांत घराची चाकण पद्धत

उन्हाळ्यात घर निवांत कसे ठेवावे, याचे धडे मासिके देतात: फिकट पडदे, वाळ्याचे ताटे, कोपऱ्यात मनीप्लांट. पिंपरी-चिंचवडकरांना असला खटाटोप करावा लागत नाही. इथे ही सोय सार्वजनिक आहे.

नोव्हेंबर २०१९पासून शहराला दिवसाआड पाणी येते. (पावसाळ्यात पवना धरण भरले तरीही, शिस्त म्हणजे शिस्त.) त्यामुळे धुण्याभांड्यांना एक दिवस आड सक्तीची विश्रांती मिळते. शिवाय मोशी-चिखलीच्या सोसायट्यांत टँकर रिकामा होतानाचा खळखळाट ऐकायला मिळतो, तो फुकट; पैसे फक्त पाण्याचे. देखभालीसाठी वीज जाते गुरुवारी आणि कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच. कामगार घरी आणि पंखा बंद, असा योग जुळवायला दूरदृष्टी लागते.

शेजारच्या चाकणने तर कळस गाठला. नाईट करून आलेला कामगार भर दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपतो. बाष्पस्नानाला तारांकित हॉटेलात वेगळे पैसे पडतात, इथे ते भाड्यातच येते. अशा खोल्यांची आरोग्यकेंद्रे म्हणून नोंद करून त्यांवर निवांतपणा कर लावावा, ही आमची नम्र सूचना.

त्याच कामगाराच्या कारखान्यात गाडी रंगवतात त्या पेंट शॉपमध्ये तापमान आणि आर्द्रता काटेकोर राखतात. नाहीतर रंग बिघडतो. कामगार बिघडत नाही, हे सिद्ध झालेले आहे.

तेव्हा घरमालकांना विनंती, पत्र्याला चुना मारू नये. भाडेकरूंची सवय मोडेल.