पीपीटीवाले सर

जुन्नर-आंबेगावात कार्यक्रम म्हटला की तीन माणसं आधी गाठावी लागतात: मंडपवाला, साउंडवाला आणि पीपीटीवाले सर. पहिले दोघे ॲडव्हान्स घेतात, सर शाल-श्रीफळावर भागवतात. ते शाळेत गणित शिकवतात की भूगोल, हे कोणी विचारत नाही. सेवापूर्ती असो, साहेबांची व्हिजिट असो, नाहीतर दशक्रियेतली श्रद्धांजली. "फोटो सरांना व्हॉट्सॲप करा" एवढं म्हटलं की आयोजक मोकळे.

बाकीचे लोक स्लाइडवर फोटो टाकतात आणि पुढे जातात. सरांचं काम तिथून सुरू होतं. आधी 'करेक्शन्स', मग 'कलर'. सॅच्युरेशन चारशे टक्क्यांपर्यंत जातं, आणि जातंय तर न्यायचं का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल. त्यामुळे त्यांचा शिवनेरी भर मे महिन्यात पोपटी असतो आणि नारायणगावचा टोमॅटो बघताना पहिल्या रांगेला डोळे बारीक करावे लागतात.

सगळाच दोष सरांचा नाही. पत्र्याचं मंगल कार्यालय, दुपारचे बारा, खिडकीवर पडदा म्हणून लावलेली सतरंजी आणि प्रोजेक्टरचा बल्ब शेवटच्या घटका मोजतोय. तिथं साधा फोटो पडद्यावर उमटतच नाही. घरी भडक केलेला जेमतेम ओळखू येतो. पंचाईत होते ती तीच फाइल साहेबांच्या केबिनमधल्या नव्या कोऱ्या टीव्हीवर लागली की.

2018 साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला आणि सरांना मोकळं रान मिळालं. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नुसती पावलं उरलीत. सरांनी ब्राइटनेस वाढवला, मग कॉन्ट्रास्ट, मग शार्पनेस. पावलांच्या वर राजे काही येईनात. राणी नागनिकेच्या लेखातली ब्राह्मी अक्षरं मात्र भिंत सोडून चालायला लागली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची तबकडी चांगली 45 मीटर व्यासाची, पण तारांच्या जाळीची. तिला त्यांनी 'पेन्सिल स्केच' इफेक्ट दिला आणि पडद्यावर नुसतं आभाळ राहिलं.

डिंभे धरणाचा फोटो उन्हाळ्यातला, पाणी गढूळ. सरांनी 'कलर टोन' थंडाकडे ओढला. पाणी निळं झालं, आणि काठावर उभं असलेलं अख्खं शिष्टमंडळही. आंबेगाव हे तालुक्याला नाव देणारं गाव त्याच धरणात गेलंय. त्या बुडालेल्या गावचे एक आजोबा मागून म्हणाले, "सर, पाणी एवढं नितळ केलंत, मग आमचं गाव दिसाया पायजे व्हतं."

पण सरांचा खरा जीव 'रिमूव्ह बॅकग्राउंड'वर. बटण दाबलं की जे उडवायचं ते सगळं जांभळट गुलाबी होतं. एका सत्कारमूर्ती तात्यांचा फोटो आला: चुन्याची भिंत, समोर तात्या, पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. कॉम्प्युटरनं इमानेइतबारे सगळं पांढरं ते भिंतीत धरलं. शिवनेरीच्या पार्श्वभूमीवर दोन डोळे, झुपकेदार मिशी आणि पुढं जोडलेले दोन हात, एवढेच तात्या अधांतरी तरंगत राहिले. 'मार्क एरियाज टू कीप' घेऊन सर रात्रभर त्यांच्या अंगावर एकेक कपडा परत चढवत होते. धोतर होता होता उजाडलं.

क्रॉपमध्ये मात्र सरांचं राजकारण. व्यासपीठावर ज्याचा गट वर, तो फोटोत मध्ये. दुसऱ्या गटाचा माणूस कडेने कापायचा. आता क्रॉप म्हणजे कापणं नव्हेच, नुसतं झाकणं. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन कापलेला भाग वेगळा पुसावा लागतो, नाहीतर माणूस फाइलीत दबा धरून बसतो. सर ते करत नाहीत. गट कधी फिरेल सांगता येत नाही.

एका मुख्याध्यापकांच्या सेवापूर्तीला सर चहाला गेले आणि नव्या शिक्षकाने फोटो सरळ करायच्या नादात 'रिसेट पिक्चर अँड साइझ' दाबलं. क्षणात रंग उतरले, डोंगर वाळले, मुख्याध्यापकांचे केस पिकले आणि उजव्या बाजूने माजी उपसरपंच हार घेऊन फोटोत शिरले. खरेखुरे उपसरपंच तिसऱ्या रांगेत बसलेले. ते सावकाश उठले.

"सर, मला वाटलं त्या दिवशी मी आलोच नव्हतो."

कप हातात घेऊन सर धावत आले. "आबा, ओरिजिनल जपून ठेवलंय, म्हणून तर दिसताय!"

आबांनी स्वतःला नीट न्याहाळलं. मंडप श्वास रोखून.

"बरं, राहू द्या आता असंच," आबा म्हणाले. "तेवढे केस काळे करा."