युरोपियन चिरंजीव

ऑगस्टमध्ये पुण्यात दोन आवाज हमखास कानावर येतात. एक नदीकाठच्या ढोल-ताशांच्या सरावाचा आणि दुसरा सुट्टीवर आलेल्या चिरंजीवांचा : ‘आमच्याकडे जर्मनीत...’ ढोल निदान रात्री थांबतात.

असा एखादा चिरंजीव आता प्रत्येक सोसायटीत असतो. इंजिनिअरिंग पुण्यात, जर्मनचे वर्ग मॅक्सम्युलर भवनात आणि एम.एस. आखेनला. जाताना बॅगेत आईने भरलेला कुकर, मेतकूट आणि गोडा मसाला; डोक्यात फक्त बीएमडब्ल्यू. वर्षभराने घरी येतो, तो तपासणीला आल्यासारखा.

पहिल्या दिवशी तो कर्वे रोडवर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागायची वाट बघत उभा राहतो. रस्ता मोकळा असला तरी पाऊल उचलत नाही. तेवढ्यात आजी पलीकडे जाऊन, कोथिंबिरीचा भाव पाडून, परतही आलेली असते. दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यावर बोलतो. तिकडे पिवळा डबा वेष्टनांचा, निळा कागदाचा, तपकिरी ओल्या कचऱ्याचा आणि राहिलेला सगळा चौथ्यात. आजी शांतपणे ऐकून घेते. तिच्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून रद्दीवाल्याकडे जातात, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात आणि हॉर्लिक्सच्या बरणीत गेली वीस वर्षं मोहरी आहे. ती एवढंच विचारते, “चौथ्या डब्यात टाकायला तुमच्याकडे उरतं तरी काय रे?”

तिसऱ्या दिवशी बाटल्या. प्लॅस्टिकची रिकामी बाटली यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, हे तो शोध लावल्याच्या थाटात सांगतो. ज्यांनी गोल्डस्पॉटची बाटली दुकानदारापुढे उभ्याने संपवून अनामत परत घेतली आहे, ते बाबा पेपरमधून डोकंही वर काढत नाहीत. मात्र चिरंजीव रेल्वेकडे वळले की बाबांना सूर सापडतो. तिथली गाडी सहा मिनिटांपेक्षा कमी उशिरा आली तर ती वेळेवर धरतात आणि एवढी सवलत घेऊनही २०२४ साली लांब पल्ल्याच्या तीनातली एक गाडी तरी उशिराच आली, हे त्यांनी वाचून ठेवलेलं असतं. “आमची डेक्कन क्वीन...” असं ते सुरू करतात आणि चिरंजीवांना अचानक भूक लागते.

हिशेब हा त्याचा नवा छंद. तिकडे पहिले सहा महिने तो प्रत्येक किमतीला शंभराने गुणायचा आणि साडेतीन युरोच्या कॉफीसमोरून मान खाली घालून निघून जायचा. इथे आल्यावर तो भागाकार करतो. अमृततुल्य चहा पंधरा सेंट! मित्रांना पाजतो, स्वतः तीन पितो आणि रात्री छताकडे बघत पडतो.

ही झाली वरची कल्हई. ती पंधरा दिवसांत उडते. मुरलेला बदल त्याच्याही लक्षात आलेला नसतो.

ज्याने बावीस वर्षं पाण्याचा पेला टेबलावरून बेसिनपर्यंत नेला नाही, तो आता जेवून उठला की ताट घासून ठेवतो. ज्याला कोथरूडहून हडपसरला जायचा कंटाळा यायचा, तो सायकलवरून नेदरलँड्समध्ये जाऊन येतो आणि त्याचं कौतुकही सांगत नाही. इथे सोसायटीच्या आरतीला हाका मारूनही न येणारा हा मुलगा तिकडे मराठी मंडळाच्या गणपतीत झांजा वाजवतो, कारण दिवाळी आणि गणपती यांत फरक काय, असं कोरियाच्या रूममेटने विचारलं तेव्हा उत्तर येईना. मग तिकडून फोन. इथे रात्रीचे दीड वाजलेले, आई अर्धवट झोपेत नरकासुर मारतेय आणि हा टिपणं घेतोय! घरकामाच्या मावशींना आता तो ‘अहो मावशी’ म्हणतो. त्या आल्या की खुर्ची देतो. मावशींनाच संकोच वाटतो, त्या आईला विचारतात, “दादाची तब्येत बरी आहे ना?”

याचं श्रेय विद्यापीठाला देण्याची घाई नको. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. ते बाबांनी ठेव मोडून भरले. खात्यातून महिन्याला ९९२ च सुटतात, मग वीस तारखेला संपोत की पंचवीसला. महिन्याला तीस दिवस असतात, हे चिरंजीवांना तिथे कळलं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे शनिवारी विसरलेला कांदा सोमवारीच, हेही कळलं. आणि सिंकमधली भांडी दोन दिवसांनीही तिथेच असतात, हे तर फारच उशिरा कळलं.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनासाठी गेल्या आणि तिथल्या कवट्या मोजून त्यांनी आपल्याच मार्गदर्शकाचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत खोडून काढला. आमचा चिरंजीव तेवढा मोठा नाही. पण घरातली कामं आपोआप होतात, हा त्याचा बावीस वर्षांचा सिद्धांत त्यानेही जर्मनीतच आणि स्वतःच्या हातांनी खोडला. पिढ्यान्‌पिढ्या मान्यता पावलेला सिद्धांत होता, हे विसरू नका.

तेव्हा असा चिरंजीव तुमच्याही घरी उतरणार असेल, तर पहिले आठ दिवस वाद घालू नका; नवव्या दिवशी समोर गवार निवडायला ठेवा. आणि मुलाला परदेशी पाठवायचा विचार नसेल, तरी हताश होऊ नका. हा अभ्यासक्रम घरच्या सिंकपाशीही सुरू करता येतो. प्रवेश परीक्षा नाही, आणि ११,९०४ युरो वाचतात.