सॉल्ट लेकचा बोर्गी

आमच्या भाच्याला कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये खऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. तिथं तो 'बोर्गी'. हे नाव घरमालकीणबाईंनी ठेवलं. भाडेकरू नागपूरचा आहे म्हटल्यावर त्यांनी डिपॉझिटच्याही आधी रघुजी भोसल्यांचा विषय काढला. नागपूरकर भोसल्यांचे बारगीर १७४० च्या दशकात बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेले. त्या बारगिराचा बंगालीत 'बोर्गी' झाला आणि तो पोरांना झोपवायच्या गाण्यात जाऊन बसला. पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, पण बंगालमधल्या आज्यांच्या खतावणीत ती रक्कम अजून 'येणे' बाजूलाच आहे.

माझ्या मते ती केव्हाच फिटली. कारण आमचा बोर्गी बंगाल लुटायला गेलेला नाही, स्वतः लुटला जायला गेला आहे. सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत बसून तो कुठल्याशा परदेशी विमेवाल्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, आणि मिळालेल्या पगाराचा चौथा हिस्सा दरमहा जुन्या तबकड्या, जुन्या लेन्स आणि जुनी पुस्तकं विकणाऱ्यांना नेऊन देतो. पुस्तकं वाचायला नव्हेत, कव्हरांसाठी. ह्याला इतिहासात चौथाई म्हणतात. मी बँकेत चौतीस वर्षं वसुली केली, पण चौथाई उलट्या दिशेनं वाहताना पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी सहानंतर सेक्टर फाइव्हच्या कॉलेज मोडावर उभं राहावं, म्हणजे ही जमात थव्यानं दिसते. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा, त्यावरून कॅमेऱ्याचा पट्टा, त्यावर मोठ्ठे हेडफोन. हातात मातीच्या भांडातला चहा. तो चहा प्यायच्या आधी भांडाचा फोटो निघतो. काय करता म्हणून विचारलं तर नोकरीचं नाव कुणी काढत नाही. 'म्युझिक, ग्राफिक डिझाइन, फोटोग्राफी.' क्रमही ठरलेला.

बहिणीनं लग्नाच्या बायोडेटात 'आवड' ह्या रकान्यात 'वाचन, पर्यटन' असं चारचौघांसारखं लिहिलं होतं. ह्यानं ते खोडून हे तीन इंग्रजी शब्द घातले. मुलीची आई माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "अगबाई, गाता का तुम्ही?"

"नाही."

"मग वाजवता?"

"नाही."

"मग म्युझिक म्हणजे?"

"ऐकतो."

त्या बाईंनी पोह्यांची बशी जरा लवकरच उचलली.

पण ऐकतो हेही खरं नाही, हे मला त्याच्याकडे दुर्गापूजेच्या दिवसांत वीस दिवस राहिल्यावर कळलं. त्याच्या तिन्ही आवडी एकमेकींच्या सवती आहेत. तो मला 'मोहीनेर घोडागुली' ऐकवायला बसला. नाव ऐकून मला वाटलं, महिन्याच्या हप्त्यावर घेतलेले घोडे असतील. तसं नाही. १९७५ साली कलकत्त्यात जमलेला हा संच म्हणजे पुढच्या सगळ्या बांगला बँडवाल्यांचा मूळ पुरुष, आणि त्याचं नाव जीवनानंद दासांच्या एका कवितेवरून घेतलेलं. इथवर ठीक. गाणं सुरू झालं. दोन ओळी होतात न होतात तोच ह्यानं ते थांबवलं, कारण कव्हरवरचं अक्षर दाखवायचं राहिलं होतं. अक्षर दाखवता दाखवता त्याला तसंच अक्षर मिनीबसच्या पाठीवर पाहिल्याचं आठवलं. मग तो फोटो शोधणं आलं. फोटो चाळीस हजार. तो सापडेपर्यंत मी झोपलो होतो. गाणं पुढं कसं आहे ते मला आजतागायत माहीत नाही, आणि माझा संशय आहे की त्यालाही नसावं.

बंगाली तो ह्या गाण्यांतूनच शिकला. त्यामुळे पडकं शहर, रात्रीची शेवटची ट्राम आणि परत न आलेली मुलगी ह्यांच्यासाठी त्याच्याकडे शब्द आहेत, पण 'पाव किलो'साठी नाही. बीडी मार्केटातला मासेवाला त्याचं बोलणं ऐकून दर वेळी हातातलं काम टाकून हळवा होतो आणि नेहमी तुकडे जास्त देतो. ह्या छंदातून रोख मिळालेली एवढी एकच मिळकत मी पाहिली.

आता सॉल्ट लेकच असं गाव आहे की तिथं अक्षरांचं वेड लागलं तर दोष द्यायचा कुणाला? खाऱ्या तळ्यांत हुगळीचा गाळ नळांनी आणून ओतला आणि त्यावर हे उपनगर उभं केलं. काम सुरू झालं १९६२ मध्ये, मुख्यमंत्री बिधानचंद्र रायांच्या काळात. आराखडा टोश्कोविच नावाच्या युगोस्लाव वास्तुविशारदाचा. युगोस्लाविया हा देश पुढं राहिला नाही, पण त्याची गोलचक्करं सॉल्ट लेकमध्ये आहेत आणि सगळी सारखी आहेत. पहिल्या सकाळी मी दूध आणायला निघालो तो पाऊण तासानं त्याच गोलचक्करावर तिसऱ्यांदा उगवलो. लोक पत्ता सांगतात तोही पाण्याच्या टाकीच्या नंबरावरून. आणि ब्लॉकना नावं? नुसती इंग्रजी अक्षरांची जोडी. एई, बीडी, सीके. एफडी ब्लॉकची पाटी वाचून तर मी निवृत्त माणूस क्षणभर घरी आल्यासारखा उभा राहिलो.

ह्या पाट्यांचे फोटो काढून 'सॉल्ट लेकची बाराखडी' करायची, असा भाच्याचा संकल्प होता. तो 'ई'पर्यंत पोचला आणि एका मिठाईच्या खोक्यावरचा ठसा आवडून तिकडे वळला. बागबाजारात मराठा डिच लेन म्हणून एक गल्ली आहे. आपल्या लोकांच्या धास्तीनं इंग्रजांनी १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याची ती आठवण. मराठे कलकत्त्यात आलेच नाहीत आणि खंदक अर्धाच राहिला. मला तिथं उभं करून भाच्यानं एवढा इतिहास सांगितला आणि फोटो काढला तो पाटीवरच्या एका अक्षराचा. मी चौकटीबाहेर. बोर्गींशी संबंध आला की काम अर्धवट राहतं, ही तिथली जुनीच रीत दिसते.

माझा एक फोटो मात्र त्यानं काढला आहे. सिटी सेंटर मॉलच्या पायऱ्यांवर, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी उन्हाची तिरीप पडण्याची सोय करून ठेवली आहे त्या नेमक्या ठिकाणी, मला अकरा मिनिटं बसवून. कॅमेरा फिल्मचा. धर्मतल्ल्याच्या मेट्रो गल्लीतून घेतलेला, माझ्या जावयापेक्षा वयानं मोठा. त्याच्या हिशेबानं एका 'खट्'ला पन्नास रुपये पडतात, म्हणून तो विचार करून दाबतो. फोटो कधी दिसेल विचारलं तर म्हणाला, "मामा, तुमचा एकतिसावा आहे. छत्तीस झाले की रोल धुवायला देतो." ह्या रोलचा पहिला फोटो आदल्या वर्षीच्या महालयाचा, कुमारटुलीतला. त्या पहाटे देवीचे डोळे रंगवतात. भाचा सांगतो की एका मूर्तीभोवती चाळीस कॅमेरे होते, त्यामुळे ह्याच्या फोटोत देवी नाही, पुढच्या माणसाचा कान आहे. पण कानावर पडलेला उजेड, म्हणे, बघण्यासारखा आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. लुची फुगलेली दोन मिनिटं टिकते आणि तिचा फोटो चार मिनिटांत निघतो.

पण खरी गोष्ट आहे पाटीची. काकीमांची, म्हणजे घरमालकीणबाईंची, गच्चीवरची खोली रिकामी होती. मुलगा बंगळुरूला, सून बंगळुरूला, घरात त्या आणि तळमजल्यावर हा. 'बोर्गी एवढं आर्टिस्ट माणूस आहे' म्हणून त्यांनी पोइला बैशाखाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, त्याला 'घर भाडा', म्हणजे घर भाड्यानं देणे आहे, अशी पाटी रंगवून मागितली. पत्रा आणि रंग स्वतः आणून दिले. मी आश्विनात पोचलो तेव्हा पत्रा पलंगाखाली होता आणि त्यावर चपला होत्या.

"अरे, दोन शब्द आहेत!" मी म्हणालो.

"मामा, सत्यजित राय 'एक्षण' ह्या नियतकालिकाची तीन अक्षरं मुखपृष्ठावर दर वेळी नव्यानं काढायचे."

"तू जुन्यानंच एकदा काढ."

मग मला व्याख्यान ऐकावं लागलं. राय सिनेमाच्या आधी, १९४३ पासून, जाहिरात कंपनीत चित्रकार होते. सिग्नेट प्रेसची कव्हरं त्यांची. 'रे रोमन' आणि 'रे बिझार' हे इंग्रजी टाइप त्यांनी घडवलेले. हे सगळं खरं आहे, आणि माणूस डोंगराएवढा होता ह्यात वाद नाही. पण भाच्यानं त्या डोंगरातून एवढंच उचललं की, "'पथेर पांचाली'लासुद्धा वर्षानुवर्षं लागली होती."

"तिथं पैसे संपले होते. इथं काकीमांनी रंग आधीच दिलाय."

तो गप्प झाला, आणि इथं मीच घोडचूक केली. जोरात होतो म्हणून बोलून गेलो, "आमचे कमल शेडगे बघ! पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत नुसतं नाव असायचं, पण अक्षर बघून कळायचं की नाटक रडवणारं आहे का हसवणारं. आणि उद्याच्या पेपरला आज द्यायचे!"

"कोण शेडगे?" त्यानं विचारलं. डोळ्यांत ती चमक. बाप्पा! नागपुरात पंचवीस वर्षं वाढला, आणि शेडगे त्याला बीडी मार्केटच्या मागे भेटले.

रात्रभर दिवा जळत होता. सकाळी आधीचे सगळे कागद टोपलीत, आणि नवा सिद्धान्त तयार. बंगालीतली 'मात्रा' म्हणजे आपलीच शिरोरेषा. 'घर' तिकडेही घर, 'भाडं' तिकडेही भाडंच. तेव्हा वर एकच सलग रेघ आणि तिला लटकलेली आळीपाळीनं एक बंगाली आणि एक देवनागरी अक्षर. अष्टमीच्या सकाळी, ढाक वाजत असताना, पाटी फाटकावर चढली.

खरं सांगायचं तर ती सुंदर होती. दोरीवर वाळत घातलेल्या धोतर-साड्यांसारखी अक्षरं वाऱ्यावर हलतील असं वाटत होतं. मी खुर्ची टाकून बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. पूजेला निघालेली माणसंही थांबून बघत होती, पोरी तिच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. एकानं आत येऊन विचारलं की प्रदर्शन किती दिवस आहे. दशमीला एक तीन पट्ट्यांचा मुलगा फाटकातून आत आला. काकीमांनी भाडेकरू आला म्हणून संदेश पुढं केला. त्यानं तो खाल्ला, अक्षरं कुणी काढली ते विचारलं, भाच्याशी दीड तास बोलला आणि गेला.

एकही फोन येईना तेव्हा काकीमांनी चष्मा लावून पाटी जवळून पाहिली. फोन नंबरच नव्हता.

"आकडे कंपोझिशनमध्ये बसत नव्हते," भाचा म्हणाला.

तेव्हा वाचकांना विनंती. सॉल्ट लेकमध्ये गच्चीवरची एक खोली रिकामी आहे. दक्षिणेचा वारा, स्वतंत्र जिना, करुणामयी मेट्रो स्टेशन पायी दहा मिनिटांवर. कुणाचा मुलगा किंवा पुतण्या सेक्टर फाइव्हमध्ये लागला असेल तर मला कळवावं, मी काकीमांना सांगेन. त्यांची अट एकच आहे. मुलाच्या बायोडेटात आवडीच्या रकान्यात 'वाचन, पर्यटन' असलं पाहिजे.